प्लॉट घेऊन बांधायचं की बांधलेलं घर घ्यायचं? इसार देण्याआधीची कामं, क्रमाने

सांगली-मिरज भागात घरांचे नकाशे करणं आणि विक्रीला निघालेली घरं तपासून देणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं उशिरा येतात. इसार देऊन झालेला असतो, भूमिपूजनाचा मुहूर्त काढलेला असतो, आणि मग विचारतात, "साहेब, एकदा कागद बघता का?" तेव्हा मी काहीही सांगितलं तरी ते ऐकण्याची सोय उरलेली नसते, कारण पैसे अडकलेले असतात.

चूक निर्णयात कमी असते, क्रमात जास्त. "बांधणं परवडतं की घेणं?" याला सरसकट उत्तर नाही. पण हा अमुक प्लॉट आणि ते अमुक घर अशी दोन खरी ठिकाणं समोर ठेवली आणि दोन्हींचे कागद, माती-भिंती आणि खर्च एकाच मापाने मोजले, की उत्तर निघतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. उदाहरणं आमच्याकडची आहेत. काळी माती, गुंठेवारी आणि नदीचा पूर तुमच्या गावात नसेल तर तेवढा भाग सोडून द्या.

टप्पा १: आधी रोकड मोजा, बजेट नंतर

"आमचं बजेट साठ लाख" हे वाक्य मला काहीच सांगत नाही. त्यातले स्वतःचे किती आणि बँकेचे किती, यावर सगळं ठरतं.

गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत. ही वरची मर्यादा आहे, हक्क नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, अगदी छोटी घरं सोडली तर, या किमतीत धरत नाहीत. ती खिशातूनच जाते. शिवाय बँक तिच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत आणि करारातली किंमत यांतली कमी असेल ती धरते. जुन्या घराच्या बाबतीत हा फरक मोठा निघतो.

बांधकामाचं कर्ज एकरकमी मिळत नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा असे टप्पे पूर्ण होतील तसे हप्ते सुटतात, आणि त्याआधी तुमचा स्वतःचा वाटा लागलेला दिसावा लागतो. म्हणजे प्लॉट घेताना बचत संपवली, तर पाया भरायलाच पैसे नसतात. आमच्या भागात जोत्यापर्यंत येऊन दोन-दोन वर्षं थांबलेली बांधकामं दिसतात. त्यातल्या बऱ्याच घरांची अडचण ही अशीच सुरू झालेली असते.

प्लॉट आणि बांधकाम या दोन्हींसाठी एकत्र कर्ज मिळतं. त्यात ठरलेल्या मुदतीत बांधकाम सुरू करण्याची अट असते, ती नीट वाचा. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर ती ३० हजारांवर येते. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर त्या व्याजावर वजावट नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, त्यामुळे "टॅक्स वाचतो म्हणून लोन घ्या" हा सल्ला ऐकण्याआधी तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते पाहा.

तपासा: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून उरलेली रोकड एका कागदावर लिहा. पुढचा प्रत्येक आकडा या आकड्याशी ताडून पाहायचा आहे.

टप्पा २: साइटवर रोज कोण जाणार?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास यामुळेच होतो. बांधकाम म्हणजे परवानगीपासून राहायला जाईपर्यंत साधारण सव्वा ते दीड वर्ष. त्या काळात सळई बांधून झाल्यावर काँक्रीट पडण्याआधी कुणीतरी बघणारं हवं, पाणी मारलं जातंय का हे पाहणारं हवं, वाळूची ब्रास मोजून घेणारं हवं. तुम्ही पुण्यात नोकरीला, घर सांगलीत आणि वडील पंच्याहत्तरीचे असतील, तर वडिलांना उन्हात उभं करून घर बांधू नका. एक तर पगारी देखरेख करणारा अभियंता नेमा आणि त्याचा खर्च धरा, नाही तर बांधलेलं घर घ्या.

हंगामही पाहावा लागतो. आमच्याकडे पाऊस उघडल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला खोदाई काढली, तर पावसाळ्याआधी वरचा स्लॅब पडतो आणि पावसात आतली कामं चालतात. मार्चमध्ये सुरू केलं तर उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन क्युरिंग करायचं आणि ऐन पावसात उघड्या स्लॅबखाली थांबायचं, अशी वेळ येते. मुलाची दहावी-बारावी, घरातलं लग्न, निवृत्तीची तारीख हे सगळं याच कागदावर मांडा.

टप्पा ३: दोन खरी ठिकाणं निवडा

वीस ठिकाणं पाहा, पण तुलनेला एक प्लॉट आणि एक घर घ्या. फार तर दोन-दोन. दोन्ही अशाच भागांतली असावीत जिथे तुम्ही खरंच राहाल. शहराबाहेरचा स्वस्त प्लॉट आणि सांगलीतल्या विश्रामबागेतलं घर यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या आयुष्यांची तुलना, तिथे चौरस फुटाचा दर काही सांगत नाही.

थांबा: इथे अजून एक रुपयाही द्यायचा नाही. "दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय" असं एजंट म्हणाला तरीही नाही. चांगला प्लॉट हातचा गेल्याचं दुःख महिनाभर राहतं. वादातल्या प्लॉटचा दावा किती वर्षं चालेल ते कुणी सांगत नाही.

टप्पा ४: कागद

प्लॉटसाठी आणि घरासाठी जमिनीचे कागद सारखेच लागतात, कारण घरसुद्धा जमिनीवरच उभं असतं. हे विसरून लोक बंगल्याची फरशी पाहतात आणि सातबारा पाहत नाहीत.

जमिनीसाठी एवढं मागा:

- सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, ताजं, डिजिटल सहीचं. मालकाच्या फाइलमधली जुनी झेरॉक्स चालणार नाही.
- मागचे सगळे फेरफार. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी गेली, ही साखळी तुटता कामा नये.
- बिनशेती आदेश किंवा सनद, आणि मंजूर रेखांकनाचा (लेआउटचा) नकाशा. त्यात तुमचा प्लॉट नंबर दिसला पाहिजे.
- झोन दाखला आणि भाग नकाशा. प्लॉटवरून विकास आराखड्यातला रस्ता जातो का, बागेचं किंवा शाळेचं आरक्षण आहे का, हे इथेच कळतं.
- भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा. हद्दी दाखवणारा दगड जागेवर नसेल, तर हद्दकायम मोजणी करून घेण्याची अट घाला.

सातबाऱ्यावर लोक फक्त नाव वाचतात. नजर आधी दोन जागी टाका. "भोगवटादार वर्ग २" लिहिलेलं असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. "इतर हक्क" या रकान्यात गावच्या सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयातल्या दाव्याची नोंद असू शकते. बोजा फेडला असं मालक तोंडी सांगतो. रकान्यातून तो कमी झालेला दिसेपर्यंत तो आहेच असं धरा.

नावं तपासताना वारसांकडे लक्ष द्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. भावांनी सह्या केल्या आणि बहिणी राहिल्या, असं खरेदीखत पुढे हमखास वादात जातं. बहिणींच्या सह्या खरेदीखतावर हव्यात किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. "बहिणी काही बोलणार नाहीत" याला कागदाची किंमत नाही.

आता गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, रेखांकन मंजूर न करता विकलेले प्लॉट आमच्याकडे वस्तीच्या वस्ती आहेत. अनेकांचे व्यवहार शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर झालेले असतात. नोटरीने मालकी बदलत नाही. स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते. महाराष्ट्र गुंठेवारी कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची वाट उघडली. पण नियमित "करता येतं" आणि नियमित "झालंय" यांत घराएवढं अंतर आहे. महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र त्याच प्लॉटच्या नावाने हातात पडलं तरच पुढे जा. तुकडेबंदीचे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारे, नियम सैल झाले, असं सांगून प्लॉट विकणाऱ्याला एकच विचारा: या गटाला ते लागू होतात असं लेखी कुठे आहे? आणि जमीन अजून शेतीच असेल, तर शेतकरी नसलेल्या माणसाला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बांधलेल्या घरासाठी वरच्या यादीशिवाय मंजूर बांधकाम नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर मंजुरीप्रमाणे पूर्ण झालंय, राहायला हरकत नाही असा दाखला) हवं. तो नकाशा हातात धरून घरभर फिरा. जिना जिथे दाखवलाय तिथे आहे का, बाजूची मोकळी जागा गच्च भरून किचन वाढवलंय का, वरची खोली नकाशात आहे का. मंजूर नसलेल्या भागाला बँक किंमत देत नाही, तुम्हीही देऊ नका. घरपट्टीच्या पावत्या दाखवून "सगळं रीतसर आहे" असं सांगितलं जातं. घरपट्टी हा कर आहे, ती परवानगी नाही.

फ्लॅट असेल तर भाग प्रमाणपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), आधीच्या सगळ्या मालकांच्या नोंदणीकृत करारांची साखळी, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण, हे पाहा. जुनी इमारत असेल तर हा शेवटचा कागद सगळ्यांत मोलाचा, कारण उद्या पुनर्विकासाचा विषय निघाला की जमीन कुणाची यावर तो अडतो. हस्तांतरण शुल्क म्हणून सोसायटी महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त मागू शकत नाही. देणगीच्या नावाने मागितलं तरी नाही.

हे सगळं जमवून वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (त्या मिळकतीच्या मागच्या व्यवहारांची तपासणी) घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वकील तुमचा हवा. विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको.

तपासा: एकही कागद "नंतर देतो" या सदरात राहिला असेल तर ते ठिकाण यादीतून काढा, आणि टप्पा ३ वर परत जा.

टप्पा ५: माती आणि भिंती

आता कागदांवरून जागेवर या.

*प्लॉटवर.* आमच्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव असा की पाणी प्यायली की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. तिच्यावर उथळ पाया घातला तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून प्लॉट एप्रिल-मे मध्ये पाहा, जमिनीला पडलेल्या भेगांत हात जातो का ते बघा. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथल्या मुकादमाला विचारा: मुरूम किती फुटांवर लागला? हा एक प्रश्न अर्धं भूगर्भशास्त्र सांगून जातो. मालकाच्या परवानगीने जेसीबीने एक चाचणी खड्डा काढून घ्या. चार फुटांवर मुरूम लागला तर पायाचा खर्च साधा. दहा फुटांवरही काळीच माती असेल तर पाइल (जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब) किंवा खोल पाया घ्यावा लागेल, आणि तो आकडा प्लॉटच्या किमतीत मिळवून मगच प्लॉट स्वस्त की महाग ते ठरवा. मृदा चाचणीचा अहवाल संरचना अभियंत्याला लागतोच, तो खरेदीआधी घेतला तर त्याचा दुहेरी उपयोग होतो.

मग पाणी. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी सांगली-कोल्हापुरात पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरगावाहून परतणाऱ्यांना सांगावं लागतं. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधायला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर न्यावं लागतं, आणि तो भराव मोठा खर्च असतो. नकाशात रेषा पाहून झाल्यावर शेजारच्या जुन्या घरात जा आणि आज्जींना विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या हाताची उंची वहीत लिहून ठेवा.

*बांधलेल्या घरात.* घर पावसाळ्यात पाहा, पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर जास्त बारकाईने पाहा. मी कोणत्या क्रमाने जातो ते सांगतो.

आधी गच्ची. पाणी साचल्याचे डाग, पावसाळी पाइपच्या तोंडापाशी फुटलेला गिलावा, टाकीखालचा स्लॅब. मग तिथून थेट खालच्या खोलीच्या छताकडे. छताला ओल असेल तर ते वॉटरप्रूफिंगचं काम आहे, खर्चिक पण होण्यासारखं. छताचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर गोष्ट वेगळी आहे.

भेगा वाचायला शिका. तुळई आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ आडवी बारीक भेग बहुधा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढत गेलेली, वरून रुंद आणि खाली अरुंद भेग पाया हलल्याची शंका देते. कॉलमच्या कडेने उभी भेग आतली सळई गंजून फुगल्याचं लक्षण. अशी उभी भेग एकाहून जास्त कॉलमला दिसली तर संरचना अभियंत्याकडून तपासणी झाल्याशिवाय किमतीची बोलणी करू नका. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतची भिंत ओली आणि वर कोरडी असेल, तर जोत्यावर ओल अडवणारा थर नीट झालेला नाही. ती ओल रंगाने झाकते, जात नाही.

बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथे गिलावा सुटलाय. नळाचे पाइप जुने लोखंडी आहेत का, अर्थिंग आहे का, मीटरजवळ जुने फ्यूज आहेत का ते पाहा. शेवटी रस्त्यावर उभे राहा: रस्ता दरवेळी डांबराने उंच होत गेलाय आणि घराचं अंगण खाली राहिलंय का? तसं असेल तर पावसाचं पाणी आत येणारच, आणि हे दुरुस्त होण्यासारखं नाही.

टप्पा ६: राहायला जाण्याच्या दिवसापर्यंतचा खर्च

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक प्लॉटची किंमत अधिक बांधकामाचा दर असा हिशोब एका बाजूला मांडतात आणि घराची सांगितलेली किंमत दुसऱ्या बाजूला. दोन्ही आकडे अर्धवट असतात. ज्या दिवशी तुम्ही सामान घेऊन आत जाल त्या दिवसापर्यंतचा प्रत्येक रुपया दोन्ही बाजूंना धरा.

एक उदाहरण मांडून दाखवतो. आकडे मांडणी कळावी म्हणून घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

प्लॉट २४ लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के धरून १.४४ लाख, नोंदणी फी १ टक्का म्हणजे २४ हजार. १४०० चौरस फूट बांधकाम, २००० रुपये दराने २८ लाख. इथवर लोक मोजतात आणि "चोपन्न लाखांत होतंय" म्हणतात. पुढचं धरा: काळ्या मातीमुळे पायाचा जादा खर्च १.५ लाख, कंपाउंड, गेट, जमिनीखालची टाकी, बोअर ४ लाख, वास्तुविशारद, संरचना अभियंता, विकास शुल्क, कामगार उपकर २.२ लाख, वीज आणि नळजोडणी ८० हजार, १८ महिने दहा हजारांप्रमाणे भाडं १.८ लाख, बांधकामाच्या काळातलं व्याज २.२ लाख, ट्रॉली, कपाटं, दिवे, पंखे ४ लाख, आणि बांधकामाच्या १० टक्के अडीअडचणीसाठी २.८ लाख. बेरीज साधारण ७३ लाख.

घर ५८ लाखांचं, पंधरा वर्षं जुनं. मुद्रांक शुल्क ३.४८ लाख, नोंदणी फी ३० हजार (३० लाखांवरच्या व्यवहाराला ती तिथेच थांबते). एजंट १ टक्का, ५८ हजार. गच्ची, नळ, वायरिंग, रंग ७ लाख, त्यावर २० टक्के जादा धरून १.४ लाख, कारण जुन्या भिंतीत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. फर्निचर १.५ लाख. बेरीज साधारण ७२ लाख २५ हजार.

म्हणजे चार लाखांनी स्वस्त वाटणारं बांधकाम प्रत्यक्षात घराच्या बरोबरीला आलं. आता रोकड ताडून पाहा. बँकेने घराची किंमत ५८ ऐवजी ५२ लाख धरली, तर ८० टक्क्यांनी कर्ज ४१.६ लाख मिळेल आणि तुम्हाला स्वतःचे तीस लाखांहून जास्त लागतील. टप्पा १ चा कागद काढा.

आकडे भरताना हे विसरू नका:

- मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यातली (रेडी रेकनरची) किंमत यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. पुण्यासारख्या मेट्रो उपकर असलेल्या शहरात दर ७ टक्के.
- ठेकेदाराच्या दरात जीएसटी धरलाय का ते विचारा. तो नोंदणीकृत असेल तर वर लागतो. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला साधारणपणे ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का.
- व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियम आणि दर वेगळे आहेत. आधी सीएकडे जा.

टप्पा ७: आता निवडा

बेरजा पाच-सात टक्क्यांच्या आत आल्या तर पैशाने निर्णय करू नका, तो फरक एका पावसाळ्यात पुसला जातो. त्याऐवजी दोन्ही ठिकाणांचे दोष दोन भागांत लिहा: बदलता येणारे आणि न येणारे. जुनं किचन, जुने नळ, रंग, खराब फरशी हे बदलता येतं. रस्त्याची रुंदी, पूररेषा, माती, शेजार, कॉलमची अवस्था, मोकळी जागा हे बदलत नाही. ज्या ठिकाणाच्या दुसऱ्या यादीत कमी ओळी आहेत ते घ्या.

माझा स्वतःचा कल विचाराल तर: पुढची वीस वर्षं त्याच गावात राहायचं नक्की आहे, साइटवर जाणारा माणूस आहे आणि बांधकामाच्या २० टक्के जादा रोकड आहे, असं तिन्ही असेल तर बांधा. आई-वडिलांना जिना चढावा लागू नये, पुढे वरती एक मजला घेता यावा असं घर बांधण्याचं समाधान खरंच मोठं असतं. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर तयार घर घ्या आणि दुरुस्तीवर मनापासून खर्च करा. मिरजेतल्या एका शिक्षक जोडप्याने निवृत्तीला तीन वर्षं असताना प्लॉट सोडून जुनं बैठं घर घेतलं, गच्ची आणि नळ नव्याने केले आणि चार महिन्यांत राहायला गेले. त्यांना मी तोच सल्ला पुन्हा देईन.

टप्पा ८: इसार

आता पैसे द्यायचे, तेही चेकने किंवा बँकेतून. इसारपत्रात या अटी लिहून घ्या: शोध अहवालात दोष निघाला किंवा बँकेने कागदांमुळे कर्ज नाकारलं तर इसार पूर्ण परत, बोजा विकणारा अमुक तारखेआधी कमी करून देईल, हद्दकायम मोजणी खरेदीखताआधी होईल, ताबा आणि खरेदीखत एकाच दिवशी. "काही रक्कम काळ्यात द्या" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा. त्या रकमेवर तुम्हाला कर्ज नाही, पुरावा नाही, आणि पुढे विकताना भांडवली नफ्याचा कर तुमच्या डोक्यावर येतो.

टप्पा ९: निर्णयानंतर

*बांधणार असाल तर* ठेकेदाराशी करार लेखी करा. दर चौरस फुटाचा असेल तर कुठलं क्षेत्रफळ धरणार ते लिहा: गॅलरी, पोर्च, जिन्यावरची खोली पूर्ण दराने की अर्ध्या दराने? सिमेंट, सळई, वीट, वायर, नळ यांचे ब्रँड आणि प्रत लिहा. दरात काय धरलेलं नाही त्याची यादी ठेकेदाराकडूनच लिहून घ्या, भांडणं तिथेच होतात. पैसे झालेल्या कामाचे द्या, उचल म्हणून नाही. प्रत्येक काँक्रीटच्या आदल्या दिवशी सळई संरचना अभियंत्याने पाहून सही केल्याशिवाय मिक्सर लावायचा नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस पाणी लागतं, कडक उन्हात १४. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्यापुढे १४ दिवस हलवायचे नाहीत. तुळईचे सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं, तो घाई करणार. तुम्ही तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या, आणि घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र. ते न घेता वास्तुशांत करणारे पुष्कळ आहेत, आणि दहा वर्षांनी घर विकताना तेच या लेखाच्या टप्पा ४ वर अडकतात.

*घर घेणार असाल तर* खरेदीखत झाल्या दिवशी ताबापावती, सगळ्या मूळ कागदांचा संच आणि महावितरणचं थकबाकी नसलेलं शेवटचं बिल घ्या. सूची क्रमांक २ ची (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) प्रत लगेच काढा आणि नावातलं एखादं अक्षर चुकलंय का ते तिथेच तपासा. मग फेरफार नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल तुमच्या नावावर करण्याचे अर्ज पहिल्याच महिन्यात द्या. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर तुमचं नाव आलेलं स्वतः पाहा, त्याची डिजिटल सहीची प्रत काढा आणि खरेदीखताच्या फाइलला लावून ठेवा.